सेल्फ घेत नाही!

मुंबईहून लोणावळ्याकडे निघालेल्या मोटारसायकलला लोधिवली चुकवता येत नाही. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला, पण तिथे दुचाकींना मज्जाव. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, तिथेही तेच. म्हणून वाशी, पनवेल, पळस्पे फाटा, शेडुंग, दांड फाटा असं करत जुन्या हमरस्त्यानेच यायचं. लोधिवली गेली की चौक, चौकला डावीकडे कर्जतचा फाटा, सरळ गेलं की खालापूर, खोपोली आणि बोरघाट. पावसाळ्यातल्या रविवारी या पट्ट्यातल्या चहाच्या टपऱ्यांसमोर मोटारसायकलींची रांग लागते. त्यांत कंपनीतून आली तशी राहिलेली गाडी शोधावी लागते. कुणी बुलेटचं मागचं मडगार्ड कापून बॉबर केलेली, कुणी हँडल खाली घेऊन कॅफे रेसर, कुणी उंच सायलेन्सर लावून स्क्रॅम्बलर. चहा होतो, हेल्मेट चढतात, बटणं दाबली जातात, आणि एखाद्या गाडीतून नुसतं ‘टक्’ येतं.

मग जमलेल्या मंडळींचा निकाल एकमुखी असतो : बॅटरी गेली. हा निकाल देण्यासाठी गाडीकडे पाहावंही लागत नाही. नवी बॅटरी बसते, गाडी पंधरा दिवस सुरळीत चालते, आणि पुन्हा कुठल्याशा टपरीसमोर ‘टक्’. मूळ अवस्थेतल्या गाडीत ‘बॅटरी गेली’ हे निदान बरेचदा खरं निघतं. कस्टम गाडीत मात्र ते खरं मानण्याआधी मीटर लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अशा गाडीत बॅटरी ही बहुतेक वेळा आरोपी नसते, फिर्यादी असते.

कारण सोपं आहे. कंपनीची वायरिंग एकसंध विचार करून बनवलेली असते. कुठली वायर किती जाड, कुठला जोड कुठे, पाणी कुठून निथळणार, रेग्युलेटरला वारा कुठून लागणार, सगळं ठरलेलं. गाडी कस्टम करताना पहिला घाव तिथेच पडतो. चॅसीचा मधला त्रिकोण मोकळा दिसला पाहिजे म्हणून बॅटरीचा डबा उडतो. बॅटरी सीटखाली, शेपटात किंवा गिअरबॉक्सखाली जाते. साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच काढून त्यांच्या वायरी पिळून टेप मारली जाते. रेग्युलेटर ‘दिसायला नको’ म्हणून आत लपवला जातो. मुंबईची ‘वर्देंची’ किंवा जयपूरची ‘राजपुताना कस्टम्स’ अशा नामवंत कार्यशाळांनी आपल्याकडे या कलेला प्रतिष्ठा दिली, पण त्यांच्याकडचे फोटो बघून गल्लोगल्ली ज्या गाड्या होतात त्यांत पैसा टाकीच्या रंगावर जातो आणि वायरिंगला उरलेली संध्याकाळ मिळते.

पूर्वी हे खपून जायचं, कारण किक होती. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या हेडलाइटवरच्या घुमटीत अँमीटर असायचा. जाणता माणूस काट्याकडे बघत किक हळूहळू दाबायचा. पॉइंट बंद असताना काटा डावीकडे झुकायचा, पॉइंट उघडले की मध्यावर यायचा. तिथे डीकॉम्प्रेसर ओढून पिस्टन जरा पुढे सरकवायचा आणि मग एकच सणसणीत किक. बॅटरी अर्धमेली असली तरी गाडी घरी यायची. बटणाची सवय महाराष्ट्राला खऱ्या अर्थाने लावली ती १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने. पुण्यातल्या मुलींच्या एका अख्ख्या पिढीने किक न मारता गाडी चालवली ती तिच्यावर. रॉयल एनफिल्डच्या २००९मध्ये आलेल्या क्लासिकला बटणही होतं आणि किकही. २०२०च्या मीटिऑरला आणि २०२१च्या नव्या क्लासिकला किक उरलीच नाही. त्यात १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना कायम पेटलेला असतो, त्याला स्विच नाही. म्हणजे एकीकडे बॅटरीवरचा भार वाढला आणि दुसरीकडे बॅटरीवाचून चालण्याची सोय गेली.

आता त्या ‘टक्’कडे वळू. सेल्फ न घेण्याचे आवाज वेगवेगळे असतात आणि कान तयार असेल तर निम्मं निदान तिथेच होतं. बटण दाबल्यावर टकटकटकटक असा भराभर आवाज आला, तर रिले ओढला जातोय पण धरून ठेवण्याइतका दाब नाही. रिले लागतो, मोटर करंट खेचते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत चढतं, पुन्हा लागतो. बॅटरी उतरल्याचं किंवा मुख्य वायरीचा जोड ढिला असल्याचं हे लक्षण. एकच ठणठणीत ‘टक्’ आला आणि पुढे शांतता, तर रिले लागला, पण करंट मोटरपर्यंत पोचत नाही किंवा मोटर अडकलेली आहे : रिलेच्या आतल्या संपर्कपट्ट्या जळालेल्या, मोटरचे कार्बन झिजलेले, किंवा अर्थिंग गेलेली. काहीच आवाज नाही, तर संशय छोट्या वायरींवर : फ्यूज, किल स्विच, न्यूट्रल, क्लच आणि स्टँडचे स्विच. किल स्विच आधी बघावा. मित्राने गमतीत दाबलेल्या किल स्विचमुळे कित्येक सीट विनाकारण उघडल्या गेल्या आहेत. आणि ‘घुर्रर्र’ करून मोटर फिरते पण इंजिन जागचं हलत नाही, तर भानगड विजेची नाहीच, स्प्रॅग क्लचची आहे. तिच्याकडे नंतर येऊ.

हेडलाइट हा फुकटचा मीटर आहे. चावी लावून हेडलाइट पेटत असेल तर त्याच्याकडे बघत बटण दाबायचं. दिवा पार विझत आला, तर करंट जातोय पण मागे दम नाही, म्हणजे बॅटरी किंवा तिचे जोड. दिवा ढिम्म हलला नाही, तर करंट निघतच नाहीये, म्हणजे रिले किंवा त्याच्या अलीकडचे स्विच. ज्या गाड्यांत चावीवर हेडलाइट लागत नाही किंवा बटण दाबताच गाडी स्वतःच तो बंद करते, तिथे मीटरच्या काट्यांमागचा दिवा किंवा मागचा लाल दिवा बघावा.

यापुढे मल्टिमीटर लागतो. बाजारात तो काही शे रुपयांना मिळतो आणि कस्टम गाडी पाळणाऱ्या माणसाच्या बॅगेत तो पान्यांआधी असावा. लेड-अॅसिड बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी बंद केल्या केल्या मोजलं तर आकडा फसवा चढलेला दिसतो, म्हणून ‘विसावलेली’ हा शब्द महत्त्वाचा. पण हा आकडा अपुराच. बॅटरीची खरी परीक्षा ती पळताना होते, म्हणजे सेल्फ मारताना. तेव्हा व्होल्टेज साडेनऊच्या बरंच खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही.

एक गाडी समोर आहे असं धरू. क्लासिक ३५०ची बॉबर, चॅसीला काळं मॅट पावडर कोटिंग, बॅटरी सीटखाली. प्लग इंजिनातच राहू द्यायचा, पण त्याची टोपी काढून जास्तीच्या एका प्लगवर बसवायची आणि तो प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवायचा, म्हणजे गाडी सुरू होणार नाही आणि इग्निशनलाही धोका नाही. फ्यूएल इंजेक्शन असेल तर पंपाचा फ्यूजही काढायचा. मीटर २० व्होल्टवर. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर १२.६. ठीक. आता दुसऱ्या माणसाने बटण दाबायचं, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन वेळांमध्ये मिनिटभर विश्रांती. इंजिन आळसावून फिरतं, बॅटरीवर आकडा १०.९. बॅटरी तर मजबूत आहे! आता मीटरची लाल काडी सेल्फ मोटरच्या बोल्टवर, काळी इंजिनाच्या उघड्या धातूवर. पुन्हा बटण. ८.१. बॅटरीने १०.९ दिले, मोटरला ८.१ मिळाले. मधले २.८ व्होल्ट रस्त्यात खर्च झाले.

कुठे, ते शोधायला दोन मोजमापं पुरतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या बोल्टपर्यंत, सेल्फ फिरत असताना : ०.४. चालेल, अर्ध्या व्होल्टच्या आत आहे. बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या धातूपर्यंत : २.४. चोर सापडला. ही बाजू पाव व्होल्टच्या आसपास असायला हवी. निगेटिव्ह वायर जिथे चॅसीला बोल्टने बांधली आहे तो बोल्ट काढला, तर वायरीच्या टोकावरच्या लगखाली पावडर कोटिंगचा गुळगुळीत थर दिसतो. करंट त्या थरातून जाऊच शकत नाही. तो बोल्टच्या आट्यांतून वाट काढत जातोय, आणि आटे गंजलेले. तिथला रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडायचा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा, वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. त्याहून उत्तम म्हणजे चॅसीच्या भरवशावर न राहता बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाच्या केसवर एक जाड वायर ओढायची.

पुन्हा मोजल्यावर निगेटिव्ह बाजूला ०.१५, मोटरवर ९.८, इंजिन झपाट्याने फिरतं. आणि बॅटरीवरचा आकडा? तो १०.९वरून १०.४वर उतरलेला असतो. इथे नवखा माणूस गोंधळतो : दुरुस्ती केल्यावर बॅटरी खराब कशी झाली? झाली नाही. अडथळा गेल्यामुळे मोटर आता पोटभर करंट खेचते आहे, म्हणून बॅटरीला जास्त वाकावं लागतं. टाकी भरलेली आणि नळ कोंदलेला अशी आधीची गत होती. नळ मोकळा झाल्यावर टाकीची पातळी उतरणारच.

या साऱ्यामागे ओहमचा साधा नियम आहे. साडेतीनशे सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन कॉम्प्रेशनवरून ढकलताना सेल्फ मोटर शंभर अँपिअरच्या आसपास करंट घेते. ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा, जो साधा मीटर धड दाखवतही नाही, शंभर अँपिअरला एक अख्खा व्होल्ट खातो. म्हणूनच मीटर ओहमवर ठेवून ‘वायर चांगली आहे, बीप वाजते’ म्हणण्याला अर्थ नाही. एका बारीक तारेवरही बीप वाजते. शंभर अँपिअर वाहत असतानाच मोजायला हवं.

वायरीच्या जाडीचंही तसंच. तांब्याच्या दहा चौरस मिलिमीटरच्या एक मीटर वायरीत शंभर अँपिअरला सुमारे ०.१७ व्होल्ट जातात. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत ०.४३. बॅटरी शेपटात नेली की वायर लांबते, आणि दुकानात हाताला लागेल ती वायर ओढली की ती बारीकही होते. दोन्ही बाजूंच्या वायरी धरल्या तर जवळपास व्होल्टभर घट नुसत्या तांब्यात. लगवर सोल्डरऐवजी पक्कडीने दाबून भागवलेलं असेल तर आणखी. माझं ऐकाल तर वायर कारच्या सुट्या भागांच्या दुकानातून, लग नीट प्रेस करूनच घ्यावी. सेल्फच्या मुख्य वायरीत फ्यूज नसतो हेही विसरू नये. ती चॅसीच्या धारदार कडेला घासत असेल तर बिघाड ‘टक्’वर थांबत नाही, धूर निघतो.

जागा कमी म्हणून अनेक जण हल्ली लिथियम बॅटरी बसवतात. चांगली असते, हलकी असते, सेल्फ जोरात मारते. पण तिच्या दोन खोड्या आहेत. या बॅटऱ्यांत लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल असतात आणि भरलेल्या स्थितीत विसाव्याचा आकडा १३.३च्या आसपास असतो. लेड-अॅसिडमध्ये १२.८ म्हणजे काठोकाठ, लिथियममध्ये १२.८ म्हणजे तळ दिसायला लागलेला. मेकॅनिक मीटर लावतो, १२.८ बघतो, ‘बॅटरी एकदम टाइट’ म्हणतो आणि दोन तास रिले बदलत बसतो. दुसरी खोडी क्षमतेची. खोक्यावर छापलेले अँपिअर-अवर पुष्कळदा ‘अमुक इतक्या लेड-अॅसिडच्या तोडीची’ या हिशेबाचे असतात. प्रत्यक्ष साठा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाचा. सेल्फ मारायला तो पुरतो, चावी लावून गाणी ऐकायला पुरत नाही. शिवाय चार्जिंग १५ व्होल्टच्या पुढे गेलेलं तिला सोसत नाही.

त्यामुळे चार्जिंग मोजल्याशिवाय लिथियमचं नाव काढू नये. इंजिन चालू करून साधारण तीन-चार हजार फेऱ्यांवर बॅटरीच्या टोकांना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १३च्याच आसपास रेंगाळलं तर चार्जिंग नाही. १५च्या वर गेलं तर रेग्युलेटर मेला, आणि तो आता बॅटरीही मारणार. या रेग्युलेटरचं, म्हणजे आरआर युनिटचं, काम ऐकून अनेकांना नवल वाटतं. इंजिन फिरतं तसं मॅग्नेट कॉइल वीज तयार करत राहते, ती कमी करता येत नाही. बहुतेक मोटारसायकलींतला रेग्युलेटर ती एसीची डीसी करतो आणि नको असलेली वीज चक्क शॉर्ट करून जिरवतो. ती उष्णता घालवायला त्याच्या अंगावर पंख असतात आणि कंपनी त्याला वाऱ्यात बसवते. कस्टम करणारा त्याला सीटखाली, फोमच्या शेजारी, बॅटरीला चिकटून कोंबतो. मग तो भाजतो आणि शेजारच्या बॅटरीलाही भाजतो. त्याला वाऱ्यावर आणा, अगदी दिसला तरी चालेल. कॉइलची तपासणी त्याच्या अलीकडच्या तीन वायरींवर होते : प्लग सोडवून, इंजिन चालू ठेवून, दोन-दोन वायरींमध्ये एसी व्होल्टेज मोजायचं. तिन्ही जोड्यांत आकडा सारखा यावा आणि फेऱ्यांबरोबर चढावा. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळालेली. त्या प्लगचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल किंवा वितळलं असेल, तर मोजण्याआधीच उत्तर मिळालं.

चार्जिंग ठीक, जोड ठीक, तरीही गाडी दर शनिवारी मेलेली सापडते, हा प्रकार कर्जतच्या बाजूला जास्त. मुंबईकरांची फार्म हाउसेस, त्यांत आठवडा-पंधरवडा झाकून ठेवलेल्या गाड्या. चावी बंद असतानाही कोण करंट पितं ते बघायला बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची आणि तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावायचा. या अवस्थेत चुकूनही सेल्फ दाबायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. नुसत्या गाडीला काही मिलिअँपिअर लागले तर ठीक. पण जीपीएस ट्रॅकर, अलार्म, चावीशिवाय थेट बॅटरीवर जोडलेला मोबाइलचा चार्जर यांनी मिळून २० मिलिअँपिअर घेतले, तर १४ अँपिअर-अवरची बॅटरी २९ दिवसांत कोरडी. निम्मी व्हायला दोन आठवडे, आणि निम्म्या बॅटरीवर मोठं इंजिन सुरू होईलच असं नाही. तीन अँपिअर-अवर खऱ्या साठ्याची लिथियम असेल तर सहा दिवस. वायरिंग बदलायची नसेल तर बॅटरीच्या निगेटिव्हवर एक कट-ऑफ स्विच बसवावा. स्वस्त, ओबडधोबड आणि खात्रीचा उपाय.

इंग्रजी पुस्तकांत बॅटरी मरते ती हिवाळ्यात, बर्फात. इथे ती मरते एप्रिल-मेमध्ये, आणि मयत जाहीर होतं जूनमध्ये. कर्जत-खालापूरचा उन्हाळा चाळिशीच्या पुढे जातो. तापमान दहाएक अंशांनी चढलं की बॅटरीच्या आयुष्याची साधारण निम्म्याने काटछाट होते, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. पाण्याच्या बॅटरीत पातळी उतरते, पट्ट्या उघड्या पडतात, त्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो. तिथे फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. बोअरचं नाही, आरओचं नाही, पावसाचं धरलेलं तर नाहीच, आणि अॅसिड तर मुळीच नाही. अशी बॅटरी आडवी बसवण्याचा उद्योगही करू नये, तिची ओव्हरफ्लोची नळी अॅसिड थेट चेनवर किंवा सायलेन्सरवर सोडते. सीलबंद एजीएम बॅटरी कुशीवर चालते, उलटी नाही.

मग पाऊस. माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याशी धो-धो कोसळणाऱ्या पावसात उघडे जोड टिकत नाहीत. टेपखाली पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही. वरून वायर नवी कोरी दिसते, सोलली तर आतलं तांबं हिरवंगार आणि भुसभुशीत. हँडल बदललेल्या गाड्यांत वायरींचा गठ्ठा स्टिअरिंगच्या मानेशी अडकतो, हँडल पूर्ण वळवलं की ताणतो, आणि आतली तार तुटते पण रबर शाबूत राहतं. बटण दाबून ठेवून हँडल डावी-उजवीकडे फिरवा. एका ठराविक कोनात सेल्फ लागला तर जागा सापडली. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि व्हॅसलीन लावावं. ही जुन्या गॅरेजवाल्यांची रीत आजही तितकीच बरोबर आहे. प्रेशर वॉशरने मात्र गाडी धुऊ नये, निदान सीटखाली तरी. तो पावसापेक्षा वाईट.

आता स्प्रॅग क्लच. सेल्फ मोटरने इंजिन फिरवावं पण सुरू झालेल्या इंजिनाने मोटर फिरवू नये, यासाठी मध्ये एकाच दिशेने पकडणारा हा क्लच असतो. एनफिल्डच्या बटणवाल्या जुन्या गाड्यांत त्याची बदनामी फार आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण त्याला मारतं कोण? उतरलेली बॅटरी. इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला पोचण्याआधीच ठिणगी पडते आणि तो उलटा फेकला जातो. तो झटका थेट स्प्रॅगच्या दातांवर. ‘कड्ड’ असा आवाज येतो. दोन-चारदा आला की क्लच घसरायला लागतो आणि मग इंजिनाची बाजू उघडण्याचा खर्च. सेल्फ रडत असताना ‘एकदा अजून, एकदा अजून’ म्हणत बटण दाबत राहणं ही या गाडीतली सगळ्यात महाग सवय आहे. किक असेल तर तिथेच मारावी.

किक नसेल आणि लोधिवलीच्या टपरीसमोर उभे असाल तर? आधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अर्थिंगचा बोल्ट हाताने हलवून बघा. जो बोल्ट हाताने हलतो तोच गुन्हेगार, आणि दहा नंबरचा पाना त्याला पुरतो. धक्का मारायचा तर दुसऱ्या गिअरमध्ये, उतार बघून. कार्ब्युरेटरची गाडी अर्धमेल्या बॅटरीवरही धक्क्याने सुरू होते. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि ईसीयू जागे व्हायला व्होल्टेज लागतं. चावी लावल्यावर पंपाची ‘झुंई’ ऐकू येत नसेल तर घाम गाळू नका, सगळ्या गँगने मिळून ढकललं तरी ती सुरू होणार नाही. कारवरून जंपर लावायचा तर कार बंद ठेवून : लाल वायर पॉझिटिव्हला, काळी शेवटी आणि बॅटरीपासून दूर इंजिनाच्या धातूला, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथे नको. घरी आल्यावर चार्जर लावताना क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा करंट : १४ अँपिअर-अवरला १.४ अँपिअर, रात्रभर. रिक्षा-कारच्या बॅटऱ्या भरणाऱ्या दुकानात रांगेत जोडली तर दुकानदार तिला दोन तासांत ‘फुल’ करून देतो आणि दोन महिन्यांत परत बोलावतो.

कायद्याचं एक सांगून टाकतो, कारण स्विच काढण्याचा विषय निघालाच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद केली. रंग बदलून नोंद करून घेता येते, चॅसी कापून नाही. वायरिंग सुधारताना काढलेले स्टँडचे आणि क्लचचे स्विच परत बसवता येत असतील तर बसवावेत. स्टँड खाली राहून घाटात डावं वळण घेणं दंडापेक्षा महाग पडतं.

एवढं सगळं मोजून बॅटरीच खराब निघाली तर मात्र हळहळ न करता बदलावी. एक्साइडचे कारखाने तळोजा, चिंचवड आणि अहिल्यानगरला आहेत, त्यामुळे या भागात ताजा माल मिळायला अडचण नसते. घेताना उत्पादनाचा महिना बघावा आणि वर्षभर फळीवर पडलेला तुकडा सवलतीतही घेऊ नये. जुनी बॅटरी दुकानदाराकडेच द्यावी. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि दुकानदार तिचे पैसे बिलातून वजा करतो. भंगारवाले थोडे जास्त देतात, पण त्यांच्यातले काही जण शिसं काढायच्या आधी आतलं अॅसिड गटारात ओततात, आणि लोधिवलीकडचे ओढे पाताळगंगेलाच जाऊन मिळतात.